निघालात कशासाठी?

पुण्यात माणसाने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "कुठे निघालात?" त्याचं उत्तर दिलं की लगेच दुसरा येतो, "कशासाठी?" पहिला प्रश्न इतर गावांतही विचारतात. दुसरा मात्र आमच्या सदाशिव पेठेचा खास. आणि दुसऱ्याचं उत्तर पटलं नाही, तर पहिलंही रद्द समजतात. त्यामुळे मी लहानपणापासून एक शिस्त पाळत आलो. आधी कारण तयार करायचं, मग चपला घालायच्या. साठी उलटेपर्यंत या शिस्तीने मला कधी दगा दिला नाही. दिला तो एका बोटीने.

त्याचं असं झालं. बँकेतून निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं. एका रात्री आमटी वाढता वाढता ही म्हणाली, "आपण बोटीने जाऊ या."

"कुठे?"

"कुठेच नाही."

मला वाटलं, आमटीत लक्ष असल्यामुळे माझं ऐकण्यात चुकलं. पण हिने नीट समजावून सांगितलं. मुंबईच्या बंदरातून शुक्रवारी संध्याकाळी जहाज निघतं, दोन रात्री समुद्रात हिंडतं आणि रविवारी सकाळी पुन्हा मुंबईच्या बंदराला लागतं. मधे कुठलंही गाव नाही, कुठलंही देऊळ नाही, कुठलेही नातेवाईक नाहीत.

"म्हणजे मुंबईहून मुंबईला?"

"हो."

"अगं, मग त्याला बोट कशाला हवी? आपण मुंबईत पोचलेलोच असतो की!"

ही काही बोलली नाही. उठून वाणसामानाची वही घेऊन आली आणि तिच्यातून एक पिवळं पडलेलं कात्रण काढून माझ्यासमोर ठेवलं. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' नावाची सहलीची बोट सुरू झाली, तेव्हाचा तो वर्तमानपत्रातला फोटो होता. कात्रणाच्या कडेला तुरीच्या डाळीचा भाव लिहिलेला होता. एवढी वर्षं ते कात्रण साखर-चहा-रव्याच्या हिशेबात पडून होतं आणि मी ती वही दर महिन्याला तपासत होतो. बेरीज बरोबर आहे की नाही एवढंच बघत होतो.

मी आमटी पुन्हा मागितली आणि "बघू" म्हणालो. आमच्याकडे "बघू" याचा अर्थ "हो". फक्त त्यात थोडा मान राखला जातो.

तयारीला लागल्यावर लक्षात आलं की जहाजाची सहल ठरवणं हे मुंज ठरवण्याइतकंच कठीण काम आहे. पहिला वाद खोलीवरून. खोल्या तीन तऱ्हेच्या असतात. आतली, म्हणजे बिनखिडकीची, खिडकीची, आणि बाल्कनीची. मी आतली सुचवली. "झोपल्यावर समुद्र कुठे दिसतो?" हा माझा मुद्दा बिनतोड होता. त्यावर ही म्हणाली, "बिनखिडकीच्या खोलीत झोपायचं तर माळ्यावर गादी टाकू, फुकटात होईल." खिडकीवर तडजोड झाली.

मग खोली कुठल्या मजल्यावर आणि कुठल्या टोकाला, हा प्रश्न. जहाज डोलतं ते टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त, मध्यभागी आणि खाली कमी. हे मला लगेच पटलं, कारण एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून ताम्हिणी घाट उतरलेल्या माणसाला हे शास्त्र शिकवावं लागत नाही. आम्ही मधली, खालची खोली घेतली. तिकिटाचा आकडा इथे सांगत नाही; आमच्या इमारतीतले लोक पुस्तकं वाचतात. एवढंच सांगतो की छापलेला भाव आणि दिलेले पैसे यांच्यामधे बंदराचे आणि सरकारचे कर असतात, आणि ते बघितल्यावर बोट न सुटताही पोटात ढवळतं.

पुढे याद्या. ओळखपत्र मूळ हवं, झेरॉक्स चालत नाही. सामानाला खोलीच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावायच्या, कारण बंदरावर बॅगा आपल्यापासून वेगळ्या होतात आणि काही तासांनी खोलीच्या दाराशी भेटतात. म्हणून औषधं, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवायचा. इस्त्री न्यायची नाही, पाणी तापवायची किटली न्यायची नाही. खोलीत आग लागू नये म्हणून. इथवर ठीक होतं. पण पुढचं कलम वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. घरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. पुण्याचा माणूस दोन रात्री बाहेर आणि बरोबर चिवडा नाही, ही कल्पनाच मला करवेना. शेवटी हिने आलेपाकाच्या वड्या घेतल्या. मळमळीवर आलं चांगलं असतं, तेव्हा ते खाद्य नसून औषध आहे, असा युक्तिवाद तयार ठेवला. शिवाय डॉक्टरांना विचारून आणलेली ॲव्होमिनची गोळी होतीच. ती बोट लागल्यावर नव्हे, लागण्याआधी तासभर घ्यायची असते. आणि तरीही कसंसं वाटलं तर खाली मान घालून न बसता दूर क्षितिजाकडे बघत राहायचं.

कोकणातल्या माणसाला बोटीचं भय नवं नाही. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. ते दुःख कोकणातली कितीतरी घरं अजून विसरलेली नाहीत. म्हणून नियमांतली एक गोष्ट मला फार बरी वाटली. जहाजावर पाऊल ठेवल्यावर जेवणाआधी कवायत. धोक्याचा भोंगा झाला की कुणी कुठे जमायचं, जीवरक्षक जाकीट कसं बांधायचं, हे प्रत्येक प्रवाशाने शिकायचंच. 'टायटॅनिक' १९१२ साली बुडाली, त्यानंतर दोन वर्षांनी देशोदेशींच्या लोकांनी लंडनला जमून समुद्रावरच्या सुरक्षिततेचे पहिले नियम केले. ही शिस्त त्या वंशातली.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. वाकडं झालं ते लोकांना सांगताना.

दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी जिन्यात विचारलं, "नव्या बॅगा? कुठे?" मी म्हणालो, "जरा समुद्रावर." "कशासाठी?" आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "डॉक्टरांनी सांगितलंय. खारी हवा." चुलतभावाचा फोन आला. त्याला सांगितलं, "मुलीने परस्पर तिकिटं काढली रे, आता नाही कसं म्हणणार?" बँकेतल्या मित्रांना सांगितलं, "योजना होती, जवळजवळ फुकटात मिळालं." एका संध्याकाळी मी तीन माणसांना तीन कारणं दिली, आणि तिन्ही खोटी. आणि आईने विचारलं तेव्हा तर मी कळसच केला. म्हणालो, "गोव्याला जातोय. मंगेशीचं दर्शन घेऊन येतो."

आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. माहेर मालवणचं. तिने हात जोडले, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रुमालात बांधलेले पाचशे एक रुपये माझ्या हातात ठेवले. "तुझ्या वडिलांच्या नावाने अभिषेक कर," म्हणाली. "त्यांचं जायचं राहूनच गेलं."

त्या रुमालाची गाठ मला सुटेना. हाताने सुटली असती. पण मला सोडवेना. आमची बोट गोव्याला जातच नव्हती.

हिला सांगितलं तर ही एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "अहो, सात वर्षं मी ते कात्रण जपलं. पण आईंशी खोटं बोलून मी त्या बोटीत पाय ठेवायची नाही. आणि एक विचारू? मला समुद्र बघायचाय, म्हणून आपण चाललोय. एवढं साधं कारण तुम्हाला एकालाही सांगवलं नाही. इतकी का लाज वाटते माझ्या कारणाची?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. पडल्या पडल्या मी कारणांचा विचार करत होतो.

समुद्रावर जायला कारण लागतं, ही काही माझी एकट्याची खोड नाही. तिला मोठी परंपरा आहे. कलियुगात करू नयेत अशा गोष्टींची जी यादी धर्मग्रंथांनी केली, त्या कलिवर्ज्यांत समुद्रयात्राही आहे. १७८१ साली राघोबादादांनी हणमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलाला लंडनला पाठवलं. कारण भक्कम होतं, राजकारण. तिथे एडमंड बर्क यांनी या पाहुण्यांना आपल्या गावच्या घरी नेलं आणि सोवळ्यात स्वयंपाक करता यावा म्हणून आपलं झाडांचं काचघर मोकळं करून दिलं. मला तो प्रसंग नेहमी डोळ्यांसमोर येतो. चारी बाजूंना काच, बाहेर इंग्लंडचा पाऊस, आत पुण्याची आमटी. इतकं सांभाळूनही परतल्यावर प्रायश्चित्त चुकलं नाही.

आणि आनंदीबाई जोशी. १८८३ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला त्या सभेत उभ्या राहिल्या. "तुम्ही अमेरिकेला का जाता? परत आल्यावर जातीने वाळीत टाकलं तर?" अशा लोकांच्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तरं दिली. वय अठराही पुरं नव्हतं. इथल्या बायकांना वैद्यकीय मदत द्यायला बाई डॉक्टर हवी, हे त्यांचं कारण. एप्रिलात त्या बोटीत बसल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन तीन-चार महिने होतात न होतात तोच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, याच पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. याला म्हणतात कारण. त्यांना खरोखरच उत्तर द्यावं लागत होतं, आणि त्यांनी ते खरं दिलं.

मला कोण विचारत होतं? मला वाळीत टाकायला कुणी बसलं नव्हतं. फार तर हेडमास्तरांनी भुवई वर केली असती. तरी मी खोटी कारणं शोधत हिंडत होतो, म्हणजे माझी सभा माझ्या डोक्यातच भरली होती. त्या सभेत मी फिर्यादी, मीच न्यायाधीश, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात हिची वाणसामानाची वही.

बरं, फिर्याद तरी काय? की हा पैसा मौजेत घालवणं चूक आहे. दोन रात्रींच्या पैशांत कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीची वर्षाची फी झाली असती, हा विचार माझ्या मनात आला होता. चांगला विचार आहे. पण मग आठवलं की मुदतठेवीत पैसे ठेवताना तो कधी आला नव्हता. नवा पंखा घेतानाही नाही. गरिबाची आठवण मला फक्त मौज करायची वेळ आली की होते आणि मौज रद्द केली की विरूनही जाते. फी द्यायची असेल तर द्यावी. तिला माझ्या अपराधी भावनेची दाढी कुरवाळायला बसवू नये.

पहाटे पहाटे एक गोष्ट मात्र लख्ख दिसली. ही सहल चूक असेल, तर मंगेशीचं नाव घेतल्याने ती बरोबर होत नाही. आणि चूक नसेल, तर मंगेशीला मधे आणायचं काही कारण नाही. म्हणजे दोन्ही हिशेबांत माझं खोटं बोलणं बेरजेत कुठेच बसत नव्हतं. चाळीस वर्षं खतावण्या जुळवलेल्या माणसाला हे कळायला एक रात्र लागली.

दुसऱ्या दिवशी रात्री आईच्या खोलीत गेलो. ती कॉटवर बसून जपमाळ पिशवीत ठेवत होती.

"आई, एक सांगायचं होतं."

"सांग. कवळी काढायच्या आत सांग, म्हणजे उत्तर देता येईल."

मी रुमाल तिच्यासमोर ठेवला. "आमची बोट गोव्याला जात नाही. मंगेशीला जाणार नाहीये आम्ही. मी खोटं बोललो."

"मग कुठे जाते?"

"कुठेच नाही. समुद्रात जाते आणि परत येते."

आई बराच वेळ रुमालाकडे बघत राहिली. मी ओरडा खायची तयारी ठेवली होती. वय झालं तरी ती तयारी विसरत नाही. पण ती म्हणाली, "तू तीन वर्षांचा होतास तेव्हा बोटीत बसला होतास. आठवत नसेल."

आठवत नव्हतं. १९६७ सालची गोष्ट. मालवणहून तार आली होती, आजोबा अत्यवस्थ. वडिलांना रजा मिळाली नाही. आई मला घेऊन एकटी मुंबईला गेली आणि भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसली. डेकचं तिकीट. वळकट्या, ट्रंका, आंब्याच्या रिकाम्या करंड्या, कोंबड्या, आणि दर दोन माणसांमागे एकाला बोट लागलेली. हरणे, दाभोळ, जयगड अशी बंदरं घेत बोट चालली होती. किनाऱ्यावरून होड्या यायच्या, अंधारात माणसं उतरायची.

"रत्नागिरी मागे पडली," आई म्हणाली, "आणि सगळे झोपले. तू पण झोपलास माझ्या मांडीवर. मी कठड्याला टेकून बसले होते. चांदणं होतं रे. पाणी नुसतं हलत होतं आणि दूर किनाऱ्यावर एकेक दिवा. लग्नानंतर पहिल्यांदा मला कुणी हाक मारत नव्हतं. मला इतकं बरं वाटलं... मनात आलं, ही बोट पोचूच नये."

ती थांबली.

"पोचले तेव्हा बाबा गेलेले होते. आदल्या रात्रीच. माझ्या मनाने घेतलं, मी असं म्हटलं म्हणूनच झालं. सगळ्यांना सांगितलं की रात्रभर मला बोट लागली होती. तुझ्या वडिलांनासुद्धा तेच. ते बिचारे मग मला पुन्हा कधी बोटीने पाठवायलाच तयार नसायचे. आणि पुढे त्या बोटीही बंद झाल्या."

मला काय बोलावं कळेना. आमच्या घरात 'आईला बोट लागते' हे वाक्य माझ्या जन्मापासून 'सूर्य पूर्वेला उगवतो' याच्या शेजारी ठेवलेलं होतं. दरवाजात ही उभी होती. ही आत आली आणि आईच्या पायाशी बसली. म्हणाली, "आई, तुम्ही चांदणं बघितल्याने कुणी जात नाही हो."

"ते आता कळतं," आई म्हणाली. "पण सांगायला कुणी नव्हतं. मी विचारलंच नाही कुणाला."

अठ्ठावन्न वर्षं तिने एका रात्रीचा आनंद आजारपणाच्या नावावर जमा ठेवला होता. आणि मी? मला वाटायचं, प्रवास म्हणजे लग्न, मयत नाही तर देव, हे मी पुण्याकडून शिकलो. पुणं बिचारं उगाच बदनाम. ते मी घरातच शिकलो होतो. तिने आनंद लपवला तो कुणाला दुखवायला नव्हे. पण लपवलेल्या आनंदाचं एक असतं, तो शेजारच्या माणसाला आनंदाची परवानगी देत नाही. माझी तीन खोटी कारणं माझ्या मुलीच्याही कानावर गेलीच होती.

आईने रुमालाची गाठ सोडली, पैसे मोजले. पाचशे एक भरले. मग रुपयाचं नाणं बाजूला काढून देवापुढे ठेवलं आणि पाचशेची नोट हातात धरून म्हणाली, "त्या खोलीत तिसऱ्या माणसाला किती पडतात रे?"

मी दुसऱ्या दिवशी चौकशी केली. खोली तीच असेल तर तिसऱ्या माणसाला बरंच कमी पडतं. पाचशेमधे मात्र बसत नाही. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भर तू घाल." चाकाची खुर्ची मिळते का, जिन्याऐवजी लिफ्ट आहे का, रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर ॲव्होमिन चालते का, अशी नवी यादी सुरू झाली. तिच्यात आईने स्वतःच्या अक्षरात शेवटची ओळ घातली: 'खिडकीकडची कॉट माझी.'

काल आम्ही तिच्यासाठी उन्हाची टोपी आणायला तुळशीबागेत निघालो, तर जिन्यात हेडमास्तर. आईला पाहून म्हणाले, "अरे वा, वहिनी! तुम्हीसुद्धा बोटीने? तुम्हाला तर बोट लागते ना?"

"नाही लागत," आई म्हणाली.

मास्तर गोंधळले. "मग यांच्या डॉक्टरांनी तुम्हालाही...? म्हणजे, कशासाठी जाताय?"

मी तोंड उघडलं होतं. पण आईने काठी पुढच्या पायरीवर ठेवली आणि शांतपणे सांगितलं, "मजा करायला."

मास्तर एक पायरी उतरले, थांबले. मागे वळून इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून मला म्हणाले, "तिथे... चहा वेळेवर मिळतो का हो?"